अमेरिकेचे युद्धकालीन परराष्ट्र धोरण घरांमधून कसे अभ्यासावे: कोल्हापूरच्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर लघुप्रबंध किंवा अभ्यासमंडळासाठी टिपण लिहिताना आपल्याकडील बहुतेक विद्यार्थी करार, परिषदा आणि राष्ट्राध्यक्षांची भाषणे यांची कालानुक्रमे मांडणी करून थांबतात. त्या मांडणीत चूक नसते. परंतु ज्या घरांनी साखर कमी खाल्ली, मुलगे युद्धावर पाठवले, युद्धखर्चासाठी सरकारने काढलेले रोखे विकत घेतले आणि युद्ध संपल्यावर ‘आता पुरे’ असे सांगितले, ती घरे तिच्यात कोठेच दिसत नाहीत. पुढे दिलेल्या पद्धतीचे सूत्र एवढेच आहे की प्रत्येक निर्णयासमोर त्याच सुमाराची घरातील एक नोंद ठेवावी आणि मग प्रश्न विचारावा: निर्णय घरात शिरला, की घराने निर्णयाला वळण दिले?

कालखंड लहान घ्यावा. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हापासून एप्रिल १९४८ मध्ये युरोपच्या पुनर्उभारणीसाठीच्या मार्शल योजनेचा कायदा झाला तेथपर्यंतची सुमारे सव्वासहा वर्षे एका अभ्यासाला पुरेशी आहेत. एक जाड वही घेऊन डाव्या पानावर धोरण आणि उजव्या पानावर घर, अशी समोरासमोर नोंद करावी. संगणकावर काम करणाऱ्यांनीही प्रारंभीची काही पाने हाताने लिहावीत असे मी आग्रहाने सांगेन, कारण उजवे पान कोरे राहिले की ते डोळ्यांना खुपते, आणि त्या खुपण्यातूनच पुढचा शोध सुरू होतो.

आरंभ एखाद्या विचारापासून न करता वस्तूपासून करावा, आणि पहिली वस्तू म्हणून मी नेहमी रबर सुचवतो. युद्धापूर्वी अमेरिकेचे नव्वद टक्क्यांहून अधिक नैसर्गिक रबर आग्नेय आशियातून येत असे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले, मार्चमध्ये जावा बेटही गेले आणि हा पुरवठा जवळजवळ तुटला. टायरांचे रेशनिंग त्याआधी जानेवारीतच सुरू झाले होते, आणि फेब्रुवारीत खासगी मोटारींचे उत्पादन बंद झाले. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जुने रबर गोळा करण्याचे आवाहन केले. पौंडाला एक सेंट या दराने लोकांनी जुने टायर, बागेतील नळ्या आणि पावसाळी बूट पेट्रोल पंपांवर आणून टाकले. येथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. खरी परीक्षा पेट्रोलच्या रेशनिंगपाशी होते. मे १९४२ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील राज्यांत ते सुरू झाले, कारण जर्मन पाणबुड्या तेलवाहू जहाजे बुडवत होत्या. पण डिसेंबरमध्ये ते देशभर लागू झाले तेव्हा कारण वेगळे होते. ज्या राज्यांत तेलाची टंचाई नव्हती तेथेही मोटारी कमी धावाव्यात आणि टायर टिकावेत, हा त्यामागील हेतू होता, आणि ताशी ३५ मैलांची वेगमर्यादाही त्याचसाठी होती. ज्या कुटुंबाच्या मोटारीच्या काचेवर ‘ए’ अक्षराची चिकटपट्टी होती, त्याला आठवड्याला सुमारे चार गॅलन पेट्रोल मिळे. रविवारी आजीकडे जाणे रद्द करणाऱ्या कुटुंबाच्या उजव्या पानावरील नोंदीसमोर डाव्या पानावर सिंगापूर-मलायातील पराभव असतो, आणि त्याच्याच खाली ब्राझीलशी मार्च १९४२ मध्ये झालेले रबरपुरवठ्याचे करार तसेच कृत्रिम रबराच्या कारखान्यांना दिलेला सरकारी पैसा या नोंदी येतात. ही साखळी जोडून दाखवता आली की पद्धत आपल्या हाती आली असे समजावे.

दुसरी वस्तू साखर घ्यावी. उसाच्या मुलखातील वाचकाला तिचा हिशेब सांगावा लागत नाही. फिलिपाइन्स गेल्यामुळे आणि जहाजे युद्धाकडे वळल्यामुळे मे १९४२ मध्ये साखरेचे रेशनिंग सुरू झाले, आणि ते जून १९४७ पर्यंत, म्हणजे युद्ध संपल्यानंतरही जवळजवळ दोन वर्षे चालू राहिले. लढाई थांबली तरी घरातील युद्ध का थांबले नाही, हा प्रश्न येथे विद्यार्थ्याने स्वतः विचारावा आणि जगातील साखरेच्या तुटवड्यात, तसेच युरोपशी करावी लागलेल्या वाटणीत त्याचे उत्तर शोधावे.

रोखे आणि कर यांवर एक परिच्छेद पुरेसा असतो. १८.७५ डॉलरना घेतलेल्या रोख्याचे दहा वर्षांनी २५ डॉलर मिळत, शाळकरी मुले दहा सेंटांची तिकिटे वहीत चिकटवून रोखा पुरा करत, आणि १९४३ पासून प्राप्तिकर पगारातूनच कापला जाऊ लागला. दूरच्या युद्धाशी सामान्य पगारदाराचे नाते या कपातीने कायमचे जोडले, एवढे नोंदवून पुढे जावे.

त्यानंतरचा टप्पा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच बहुधा वगळला जातो. ‘अमेरिकन घर’ असे एकवचन लिहिले की लगेच विचारावे: कोणाचे घर? १९ फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेश क्रमांक ९०६६ नंतर पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरे, दुकाने व शेते सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. डिसेंबर १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोरेमात्सु खटल्यात त्यांना हुसकावून लावणे वैध ठरवले, आणि माफी व प्रत्येकी २०,००० डॉलरची भरपाई देणारा कायदा होण्यास १९८८ साल उजाडले. याच काळात चीन मित्रराष्ट्र असल्यामुळे डिसेंबर १९४३ मध्ये चिनी लोकांवरील प्रवेशबंदी उठवली गेली, पण वर्षाला केवळ १०५ जणांपुरती. भारतीयांसाठी १९४६ च्या कायद्याने वर्षाला १०० जणांची सोय व नागरिकत्वाचा मार्ग खुला केला. कृष्णवर्णीय सैनिक विभक्त तुकड्यांत लढले आणि सैन्यातील भेदभाव संपवण्याचा आदेश जुलै १९४८ मध्ये निघाला. या नोंदी वेगळ्या प्रकरणात बाजूला ठेवू नयेत. रेशनिंगच्या पानाशेजारीच त्या लिहाव्यात, कारण एकाच सरकारने एकाच वर्षी एका घराकडे त्याग मागितला आणि दुसऱ्याचे घरच काढून घेतले.

युद्धोत्तर काळात निर्णयाकडून घराकडे जाणाऱ्या बाणाची दिशा उलटते. १९४५ च्या अखेरीस सैनिकांच्या पत्नींनी बाबांना घरी आणा अशी मागणी करत काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) सदस्यांकडे लहान मुलांचे बूट पाठवले. जानेवारी १९४६ मध्ये मनिला येथे खुद्द सैनिकांनी निदर्शने केली. सुमारे १ कोटी २० लाखांचे सैन्यबळ १९४७ च्या मध्यापर्यंत सुमारे १५ लाखांवर आले, आणि रूझवेल्ट यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या सरकारला सोव्हिएत संघाशी वाटाघाटी करताना ही वस्तुस्थिती डोळ्यांआड करता आली नाही. त्यानंतर १२ मार्च १९४७ रोजी ट्रूमन यांनी काँग्रेसकडे केलेली ग्रीस व तुर्कस्तानच्या मदतीसाठीची ४० कोटी डॉलरची मागणी आणि ५ जून रोजी परराष्ट्रमंत्री मार्शल यांचे, मार्शल योजनेची कल्पना मांडणारे, हार्वर्ड येथील भाषण येते. ५ ऑक्टोबर १९४७ रोजी ट्रूमन यांनी युरोपसाठी धान्य वाचावे म्हणून मंगळवारी मांस आणि गुरुवारी कोंबडी व अंडी टाळण्याचे आवाहन केले. कुक्कुटपालकांच्या विरोधामुळे गुरुवारचा नियम फार टिकला नाही. शांतताकाळात घराकडून काही मागणे किती अवघड असते याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

कोल्हापूरच्या अभ्यासकाला एक गोष्ट उपलब्ध आहे जी न्यूयॉर्कच्या अभ्यासकालाही सहज मिळणार नाही. शहराजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतांश स्त्रिया आणि मुले. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेली ही कुटुंबे इराणमार्गे येथे पोहोचली होती. १ डिसेंबर १९४३ रोजी तेहरान येथील मित्रराष्ट्रांच्या परिषदेत रूझवेल्ट यांनी सोव्हिएत नेते स्टालिन यांना खासगी भेटीत सांगितले की पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवण्यास आपली हरकत नाही, परंतु अमेरिकेत साठ ते सत्तर लाख पोलिश वंशाचे लोक आहेत आणि १९४४ च्या निवडणुकीत त्यांची मते गमवायची नसल्याने याविषयी जाहीरपणे काही बोलता येणार नाही. शिकागो किंवा डेट्रॉइटमधील पोलिश घराचे मत, तेहरानमधील मौन आणि वळिवड्याच्या बराकीत परतीची वाट पाहणारी आई ही तिन्ही एका पानावर येतात. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे ती सीमा मान्य झाली, ५ जुलै रोजी अमेरिकेने लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या निर्वासित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, आणि वळिवड्यातील अनेकांचे गाव परक्या देशात गेले. याच्या जोडीला आणखी एक नोंद करावी: १९४३ मध्ये भारतातून निघालेले सुमारे १,४०० पोलिश निर्वासित अमेरिकी जहाजांनी कॅलिफोर्नियात उतरले, पण त्यांना तेथे राहू न देता रेल्वेने मेक्सिकोतील सांता रोसा येथे नेण्यात आले.

साधनांविषयी थोडक्यात. तेहरान येथील त्या भेटीचे टिपण अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या ‘फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या दस्तऐवजमालेत आहे, आणि ती संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात घरांची हजारो छायाचित्रे आहेत. मात्र त्यांतील पुष्कळशी जून १९४२ मध्ये स्थापन झालेल्या युद्धमाहिती कार्यालयासाठी काढलेली आहेत, म्हणून हसऱ्या गृहिणीचे छायाचित्र तिच्या मनाचा पुरावा मानू नये, सरकारला काय दाखवायचे होते याचा पुरावा मानावा. स्थानिक बाजूसाठी शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय, करवीर नगर वाचन मंदिर आणि कोल्हापूर पुराभिलेखागार येथून सुरुवात करावी.

वळिवडे आणि गांधीनगर येथे मुलाखती घेताना ‘तुम्हाला युद्ध आठवते का’ असे विचारू नये. गांधीनगर ही फाळणीनंतर त्याच छावणीच्या जागी वसलेली सिंधी निर्वासितांची वसाहत असल्याने तेथील आठवणी दुसऱ्याच विस्थापनाच्या असतील, आणि त्या तशाच स्वतंत्रपणे नोंदवाव्यात. वळिवड्यातील आजी-आजोबांना छावणीत दूध कोण घालत असे, भाजी कोण नेत असे, मोबदला रोख मिळे की वस्तूंत, ती माणसे निघून गेल्यावर त्यांचे सामान कोणी घेतले, असे विचारावे. १९४३ साली जाणते असलेले लोक आता फारच थोडे उरले आहेत. म्हणून मुलाने आईकडून ऐकलेली गोष्ट मिळाली तर ती जरूर घ्यावी, पण समासात ‘ऐकीव’ असे स्पष्ट लिहावे आणि सांगणाऱ्याचे वय व नाते नोंदवावे. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि उतरून काढलेला मजकूर त्यांना वाचून दाखवल्याशिवाय लघुप्रबंधात वापरू नये.