हळदीतील कर्क्युमिनचे योनिमार्गासाठी श्लेष्मलग्राही (आतल्या ओलसर त्वचेला चिकटून राहणारे) जेल कसे तयार करावे

वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; त्यामुळे विदर्भातील खेड्यापाड्यांतल्या फार्मसी महाविद्यालयांनी याच घटकापासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल. मात्र दळलेली हळद नव्हे, तर कर्क्युमिनचे (हळदीच्या पिवळ्या रंगद्रव्याचे) प्रमाण आणि जंतुभार (त्यातील जंतूंची संख्या) तपासलेला अर्कच वापरावा.

सुमारे १ टक्का कार्बोपोल ९७४पी (पाण्यात फुगून जेल बनवणारी पूड) शुद्ध पाण्यात भुरभुरून, गुठळ्या न होऊ देता ढवळावे आणि रात्रभर फुगू द्यावे. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नसल्याने ते प्रोपिलिन ग्लायकॉल या द्रावकामध्ये मिसळून घालावे. ग्लायकॉल वाढले की ऑस्मोलॅलिटी (द्रवातील विरघळलेल्या कणांचे प्रमाण) वाढते आणि श्लेष्मल पेशींना इजा होऊ शकते, म्हणून येथे हात आखडताच ठेवावा.

खरी कसोटी पीएचची, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या आकड्याची आहे. निरोगी योनिमार्गाचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो व तो लॅक्टोबॅसिलस जिवाणूंच्या लॅक्टिक आम्लामुळे टिकतो, त्यामुळे ट्रायइथेनॉलअमाइन (आम्लता कमी करणारे अल्कधर्मी द्रव्य) थेंबाथेंबाने घालून ४.५ च्या आसपास थांबावे. त्वचेच्या जेलप्रमाणे पीएच ७ पर्यंत नेण्याची सवय येथे घातक आहे. शिवाय अल्कधर्मी द्रावणात कर्क्युमिन झपाट्याने विघटित होते.

चिकटपणा शेळीच्या ताज्या योनि-श्लेष्मल त्वचेवर, पीएच ४.२ च्या कृत्रिम योनिस्रावात मोजावा. टिकाऊपणाची चाचणी ४० अंश सेल्सिअस व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेवर घ्यावी, आणि नमुने प्रकाशापासून दूर, तपकिरी बाटलीत ठेवावेत. नैतिकता समिती व औषध नियामकांच्या परवानगीशिवाय हे जेल कोणत्याही स्त्रीला वापरण्यास देऊ नये.