आपलं गाव खालसा होतं की संस्थानी? जुन्या राजवटीचा आजच्या गावावरचा परिणाम कसा तपासावा

बेळगाव भागात शेजारशेजारच्या दोन गावांत एक पुढे आणि एक मागे दिसलं, की लोक लगेच म्हणतात, "ते संस्थानी गाव ना!" म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालचं खालसा नव्हे, संस्थानिकाचं. हे खरं असेलही, पण तपासल्याशिवाय म्हणू नये. गेल्या दोनशे वर्षांच्या कारभाराचा ठसा आजच्या पिकावर, शाळेवर, कर्जावर उमटतो. फक्त तो कोणत्या वाटेने आला, हे दाखवता आलं पाहिजे.

आधी राजवट ठरवा. इंग्रजी बेळगाव जिल्ह्याचे तालुके सात: अथणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर, गोकाक, संपगाव, परसगड. मध्येमध्ये रायबाग कोल्हापूरचं, शहापूर सांगलीचं, रामदुर्ग स्वतःचं संस्थान. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड 1884 चा आहे. कोल्हापूरचा खंड वेगळा, 1886 चा. दोन्ही उघडा. आजच्या तालुक्याच्या नावावरून निर्णय करू नका, एकाच तालुक्यात दोन्हीकडची गावं सापडतात.

मग जमीनधारा बघा. खरी गोम इथेच आहे, कारण इंग्रजी मुलखातही सगळी गावं सारखी नव्हती. खालसा गावात, म्हणजे जिथे सरकार थेट सारा घ्यायचं तिथे, मोजणी झाली: 33 फुटांची साखळी, 33 बाय 33 फुटांचा एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. मातीची प्रत आण्यांत ठरली, उत्तम ती 16 आणे. आकार, म्हणजे जमिनीचा सारा, सहसा 30 वर्षांसाठी कायम आणि खातं थेट रयतेच्या नावावर. दुमाला म्हणजे इनाम गावात मात्र वसुली इनामदाराची. सरकारला फार तर जुडी, म्हणजे कमी केलेला सारा, मिळायची. 1852 च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने या हक्कांची छाननी केली, म्हणून त्या काळातले कागद पुष्कळ आहेत. तालुक्याच्या भूमापन कचेरीत जुन्यात जुन्या आकारबंदाची, म्हणजे जमिनींचं क्षेत्र आणि आकार लिहिलेल्या नोंदवहीची, नक्कल मागा. पूर्ण आकाराऐवजी जुडी लावलेली दिसली, तर ती जमीन इनामाची. आजच्या पहाणीत, म्हणजे सातबाऱ्यासारख्या उताऱ्यात, हे कळेलच असं नाही. जुने कागद मोडीत आणि 1956 नंतरचे कन्नडमध्ये, तेव्हा दोन्ही वाचणारं माणूस सोबत हवं.

आता जोड्या लावा. एक खालसा, एक दुमाला किंवा संस्थानी; अंतर 10 किलोमीटरच्या आत, माती एक, पाऊस एक, नदीपासूनचं आणि स्टेशनपासूनचं अंतर साधारण सारखं. खानापूरच्या घाटमाथ्याची तुलना अथणीच्या कोरडवाहूशी केलीत, तर तुम्ही पाऊस मोजताय, इतिहास नव्हे. स्टेशनची अट आमच्याकडे फार महत्त्वाची: मिरज-लोंढा मार्गावर रायबाग, चिकोडी रोड, घटप्रभा ही स्टेशनं आहेत आणि रुळांनी राजवट बघितली नाही. निदान पाच-सहा जोड्या तरी हव्यात.

एवढी खबरदारी का? इंग्रजांनी मुलूख डोळे मिटून घेतला नव्हता. कसदार जमिनीकडे त्यांचं लक्ष असे. मग आज तिथे पीक जास्त दिसलं, तर श्रेय कारभाराचं की मातीचं? अर्थशास्त्रज्ञ लक्ष्मी अय्यर यांनी यावर चांगली युक्ती काढली. 1848 ते 1856 मध्ये वारस नसल्यामुळे जी संस्थानं खालसा झाली, म्हणजे इंग्रजांनी ताब्यात घेतली, त्यांचा आधार घेतला, कारण राजा निपुत्रिक मरणं हे जमिनीच्या कसावर अवलंबून नसतं. थेट इंग्रजी अमलाखालच्या भागांत शाळा, आरोग्य केंद्रं आणि रस्ते स्वातंत्र्यानंतरही कमी आढळले. मात्र हा देशभराचा निष्कर्ष आहे, आपल्या गावाला तो जसाच्या तसा चिकटवू नका.

मग वाट शोधा. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. म्हणून रायबागकडच्या गावात शाळा कधी निघाली, हे शाळेच्या दाखल्यांच्या सर्वात जुन्या रजिस्टरवरून काढा आणि जोडीतल्या इंग्रजी गावाच्या सालाशी ताडून बघा. साल मागेपुढे नसेल, तर शाळेची वाट सोडून द्या, ओढूनताणून जुळवू नका.

आकडे 1961 आणि 2011 च्या जनगणनेतून, गावनिहाय घ्या. जिल्ह्याची बेरीज वापरू नका: 1956 मध्ये चंदगड कोल्हापूरकडे गेलं, त्यामुळे 1951 चा बेळगाव जिल्हा आणि 1961 चा बेळगाव जिल्हा एक नाहीत. फरक 1961 मध्ये नव्हता आणि 2011 मध्ये दिसतो, तर आधी घटप्रभा नदीवरच्या हिडकल धरणाचं पाणी कुठपर्यंत पोचलं ते बघा. कालवा एका गावाला मिळाला आणि दुसऱ्याला नाही, तर ती जोडी यादीतून काढा.