शाळा सुरू होण्याआधी या चुका टाळा

शाळा उघडायला आठवडा राहिला की घराघरांत खरेदीची यादी तयार होते. हल्ली त्या यादीत 'इको' लिहिलेल्या वस्तूही असतात. पण पहिली चूक यादी करतानाच होते, कारण यादी आधी होते आणि कपाट नंतर उघडलं जातं. जी वस्तू घरात आहे आणि अजून चालते, तिच्यापेक्षा पर्यावरणाला सोयीची दुसरी वस्तू कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून आधी गेल्या वर्षीचं सगळं सामान जमिनीवर पसरा आणि मग यादी लिहायला घ्या.

अर्ध्या वह्या रद्दीत घालू नका. ए-फोर आकाराच्या ८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) जाडीच्या एका कागदाचं वजन ५ ग्रॅम असतं. म्हणजे अशा कागदाच्या २०० पानी, अर्थात १०० कागदांच्या, मोठ्या वहीत जवळपास अर्धा किलो कागद असतो. पाच वह्यांमध्ये शेवटचे वीस-वीस कागद कोरे राहिले, तर एक अख्खी वही आपण न लिहिताच टाकली. आमच्याकडे हे कागद कापून, एकसारखे करून वर-खाली पुठ्ठा लावतो. कडेपासून सेंटीमीटरभर आत दाभणाने पाच भोकं पाडायची, जाड दोऱ्याने धावदोरा घालत शेवटपर्यंत जायचं आणि त्याच भोकांतून परत यायचं. गाठ मागच्या बाजूला मारायची. मुलं हे काम हौसेने करतात आणि अशी वही कच्च्या कामाला वर्षभर पुरते.

चेन बिघडली म्हणून दप्तर बदलू नका. चेन पुढून लागते आणि मागून उघडत जाते, तेव्हा बहुतेक वेळा दात शाबूत असतात, फक्त रनर सैल झालेला असतो. रनर सुरुवातीच्या टोकाला न्या. त्याची मागची कड, म्हणजे चेन लावताना जिथून जुळलेले दात बाहेर पडतात ती, पक्कडीने आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने अगदी हलकी दाबा. चेन ओढून बघा, गरज वाटली तर पुन्हा थोडी दाबा. एकदम जोर लावलात तर रनरच तुटेल. चेन नुसती अडकत असेल तर दातांवरून मेणबत्ती फिरवली तरी पुरे. दात खरोखर गेले असतील, तर नवी चेन बसवून घ्या, दप्तर तेच ठेवा.

'बांबूचा' डबा घेताना लेबल नीट वाचा. बांबू फायबर म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच डब्यांमध्ये बांबूची भुकटी मेलामाइन नावाच्या प्लास्टिकमध्ये मिसळलेली असते. असा डबा कुजत नाही, आणि गरम पदार्थ ठेवल्यास त्यातून फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन अन्नात उतरू शकतं. डबा घ्यायचाच असेल तर साधा स्टीलचा घ्या.

कापडी पिशव्यांचंही तसंच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये हिशोब मांडला होता. प्लास्टिकच्या साध्या पिशवीच्या तुलनेत, निव्वळ हवामानावरचा परिणाम भरून निघायला सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी लागते. खिळ्याला दहा पिशव्या टांगलेल्या असतील तर अकरावी आणू नका.

बाटलीला वास येतो? नवी आणण्याआधी झाकणातली रबरी रिंग काढून बघा. वास बहुधा तिथेच असतो, कारण तिच्याखाली ओल आणि बुळबुळीत थर साठतो. रिंग कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळवून बसवा. रात्री बाटली झाकण न लावता पालथी ठेवली तर वास सहसा परत येत नाही.

पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं नकोत, जुन्या कॅलेंडरचा कागद छान टिकतो. आधीची प्लास्टिकची कव्हरं असतील तर रद्दी देताना ती काढून वेगळी ठेवा.

मूल जुनं दप्तर नको म्हणतंय? इथे मोठ्यांकडून हट्ट होतो आणि मग मुलाला सगळी काटकसर शिक्षा वाटू लागते. तसं करू नका. दप्तर स्वच्छ धुऊन उन्हात वाळवा, त्यावर मुलाच्या आवडीचं ठिगळ किंवा भरतकाम त्यालाच निवडू द्या. आणि एखादी वस्तू नवी, त्याच्या पसंतीची, मोकळ्या मनाने घ्या.

एक काम शाळेच्या आदल्या रात्री करा, कारण हरवलेली वस्तू पुन्हा विकत घ्यावीच लागते. प्रत्येक वस्तूवर पक्क्या शाईने नाव घाला. बाटली आणि डबा यांच्या झाकणांवरसुद्धा, कारण आधी झाकणंच हरवतात.