कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियामक सँडबॉक्समध्ये नागरिकांनी सहभाग कसा घ्यावा

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी प्रणाली सर्रास वापरात येण्यापूर्वी नियामकाच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीत आणि मर्यादित प्रमाणावर तिची चाचणी घेण्याची जी व्यवस्था असते, तिला नियामक सँडबॉक्स म्हणतात. ही कल्पना आधी वित्तीय क्षेत्रात रुजली. ब्रिटनच्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या वित्तीय नियामक संस्थेने २०१६ मध्ये आपला सँडबॉक्स सुरू केला, आणि युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने प्रत्येक सदस्य देशावर किमान एक सँडबॉक्स उभारण्याचे बंधन घातले. या व्यवस्थेत कंपनी आणि नियामक समोरासमोर बसतात. प्रणालीच्या निर्णयाची झळ ज्यांना लागणार, ती माणसे मात्र बहुधा त्या चर्चेत नसतात. ती तेथे पोहोचावीत, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. सँडबॉक्सचे नियम ठरतात, कंपन्यांकडून अर्ज मागवले जातात, निवड होते, चाचणीचा आराखडा मंजूर होतो, चाचणी चालते आणि शेवटी अहवाल येतो. बहुतेक लोक अहवाल हाती आल्यावर जागे होतात आणि तोवर काय मोजायचे व काय नाही, हे कायमचे ठरून गेलेले असते. म्हणून हरकती व सूचना नियमांचा मसुदा खुला असतानाच द्याव्यात, आणि ती मुदत हुकली असेल तर निदान चाचणीचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी लेखी निवेदन द्यावे. त्यासाठी जाहीर निमंत्रणाची वाट पाहण्याचे कारण नाही. युरोपीय कायद्याच्या ५८ व्या कलमात सँडबॉक्सच्या कामात नागरी संघटनांना सामावून घेण्याची तरतूद आहे. जेथे हा कायदा लागू नाही, तेथेही अशा तरतुदीची मागणी करताना हे उदाहरण पुढे ठेवता येते.

निवेदन लिहिण्यापूर्वी मिळतील ती कागदपत्रे नीट वाचावीत. सँडबॉक्समध्ये कोणत्या प्रणाली दाखल झाल्या आहेत, याची साधी यादीही अनेकदा सहज मिळत नाही, तेव्हा ती मागणे हाच पहिला अर्ज असू शकतो. एका कामासाठी गोळा केलेली वैयक्तिक माहिती सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासाठी सँडबॉक्समध्ये पुन्हा वापरायची असेल, तर प्रकल्पाचा संक्षिप्त गोषवारा नियामकाच्या संकेतस्थळावर देण्याची अट युरोपीय कायद्याच्या ५९ व्या कलमात आहे; कायदा-सुव्यवस्था यंत्रणांच्या संवेदनशील माहितीला त्यातून सूट आहे. व्यापारी गुपिताचे कारण सांगून माहिती नाकारली गेली, तर प्रणालीची अंतर्गत रचना मागत बसू नये. चाचणी कोणावर होणार, चूक कशाला म्हणायचे आणि कोणती मर्यादा ओलांडल्यावर चाचणी थांबवली जाणार, ही तीन उत्तरे मागावीत, कारण ती दिल्याने सहसा कोणतेही गुपित उघड होत नाही.

आता प्रत्यक्ष मजकुराकडे वळू. समजा, नोकरीच्या अर्जांची छाननी करणारी एक प्रणाली चाचणीसाठी दाखल झाली आहे. ‘ही प्रणाली अन्यायकारक आहे, तिला परवानगी देऊ नये’ असे कोणी लिहिले, तर त्याची नोंद होईल, पण आराखड्यात त्यामुळे काहीच बदलणार नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘आराखड्यात चुकांचे प्रमाण सर्व अर्जदारांसाठी एकत्र मोजण्याचे ठरले आहे. अपत्यसंगोपनासाठी ज्यांच्या नोकरीत खंड पडला, अशा अर्जदारांसाठी ते वेगळे मोजावे. दोन्ही प्रमाणांत किती तफावत आढळल्यास चाचणी थांबवली जाईल, ते चाचणीपूर्वीच लिहून जाहीर करावे. नाकारलेल्या अर्जांपैकी काही अर्ज माणसाकडून पुन्हा तपासून घ्यावेत.’ या मजकुरात मोजता येण्याजोगी मागणी आहे, आणि तिला उत्तर देताना नियामकाला हो किंवा नाही म्हणावेच लागते. एकत्रित सरासरीत छोट्या गटाचे नुकसान दिसेनासे होते, त्यामुळे वेगळ्या मोजणीचा आग्रह मी सर्वांत वर ठेवीन. आपल्या गटाचा अनुभव दोन-तीन नेमक्या प्रसंगांसह जोडावा. तो तज्ज्ञाच्या भाषेत नसला तरी चालतो.

चाचणीत आपणच सहभागी असाल, तर संमतीपत्र घाईने देऊ नये. युरोपीय कायद्यात सँडबॉक्सबाहेर प्रत्यक्ष परिस्थितीत होणाऱ्या चाचण्यांसाठी माहितीपूर्ण संमतीची अट आहे. कायदा-सुव्यवस्थेशी संबंधित काही अपवाद वगळता सहभागी व्यक्तीला कारण न देता केव्हाही माघार घेता येते, आपली वैयक्तिक माहिती पुसून टाकण्याची मागणी करता येते, आणि प्रणालीचा निष्कर्ष बाजूला सारता येईल अशी सोय असणे बंधनकारक आहे. सँडबॉक्सच्या आतील चाचणीतही याच तीन गोष्टी आपल्याला मिळतील का, हे लेखी विचारून घ्यावे. आराखड्याचे प्रामाणिकपणे पालन करणाऱ्या कंपनीला प्रशासकीय दंडापासून संरक्षण मिळत असले, तरी त्रयस्थांना झालेल्या नुकसानीची जबाबदारी तिच्यावर कायम राहते. ‘हा केवळ प्रयोग होता’ हे उत्तर त्यामुळे पुरेसे ठरत नाही.

चाचणीनंतरचा अहवाल किती उपयोगी ठरू शकतो, हे नॉर्वेच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाच्या सँडबॉक्सने दाखवले आहे. तेथील श्रम व कल्याण प्रशासनाला, आजारपणाच्या रजेवर असलेल्या व्यक्तीची रजा किती लांबेल, याचा अंदाज बांधणारी प्रणाली हवी होती. प्रसिद्ध झालेल्या अहवालात प्रणालीच्या वापराबरोबरच, ती घडवण्यासाठी लोकांची माहिती वापरण्याला कायद्याचा पुरेसा आधार आहे का, हा प्रश्नही उघडपणे मांडला गेला. असा अहवाल सगळीकडे आपोआप प्रसिद्ध होत नाही. युरोपीय कायद्यानुसार एखाद्या प्रकल्पाचा अंतिम अहवाल खुला करण्यासाठी कंपनी आणि नियामक या दोघांचीही संमती लागते. नियामकाचा वार्षिक अहवाल किंवा त्याचा गोषवारा मात्र लोकांसाठी ऑनलाइन उपलब्ध करावाच लागतो. म्हणून निवड होतानाच अहवाल प्रसिद्धीची संमती कंपनीकडून घ्यावी, ही सूचना आपल्या निवेदनात आवर्जून घालावी.

निवेदनाची पोच जपून ठेवावी आणि प्रत्येक सूचनेवर काय निर्णय झाला, हे मुद्देनिहाय कळवण्याची विनंती त्यातच करावी. वार्षिक अहवाल आल्यावर तो आपल्या निवेदनाशेजारी ठेवून वाचावा, आणि जे मुद्दे अनुत्तरित राहिले असतील, ते पुढच्या अर्जफेरीच्या मसुद्यावर पुन्हा त्याच शब्दांत नोंदवावेत.