कॅनडात राहूनच स्टडी परमिट काढताय? या चुका टाळा

मिसिसागातल्या आमच्या गणपतीच्या पंगतीत दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मी इथेच राहतोय, मग माझं स्टडी परमिट लगेच होईल ना?" मीही एकदा असंच समजून बसले होते.

देशातूनच अर्ज करायची सवलत ठराविक लोकांनाच असते, जसे परमिट असलेले आणि त्यांचं कुटुंब. पहिला घोळ होतो 'कुटुंब' या शब्दावरून. तुमच्याकडे वर्क परमिट असेल, तर इमिग्रेशनच्या लेखी तुमचं कुटुंब म्हणजे जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं. बायको व्हिजिटर म्हणून आली असली तरी नवऱ्याच्या परमिटच्या जोरावर ती देशातूनच अर्ज करू शकते. बहिणीकडे आलेला भाऊ आपल्याला घरचा वाटतो, पण त्याला तेवढ्या नात्यावर ही सवलत नाही. त्याने बाहेरून करायचा अर्जच करावा. फॉर्मही वेगळे आहेत, आतून आयएमएम ५७०९ आणि बाहेरून आयएमएम १२९४. बाहेरच्या अर्जावर मंजुरी आली तर परमिट हातात पडायला देशाबाहेर जाऊन पुन्हा प्रवेश करावा लागतो. "नायगाऱ्याचा पूल ओलांडून ये, तासाभरात काम होतं" हा सल्ला आता जुना झाला. २३ डिसेंबर २०२४ पासून असं अमेरिकेच्या सीमेला शिवून लगेच परत येऊन परमिट मिळणं बंद आहे.

तारखांच्या बाबतीत मात्र मी स्वतः हात पोळून घेतलेत. माझं वर्क परमिट ३१ ऑगस्टला संपत होतं आणि कोर्स सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार होता. १० ऑगस्टला अर्ज टाकला. एजंट म्हणाला, "मुदतीत टाकलाय ना? मग काम चालू ठेवा, कॉलेजही सुरू करा." दोन्ही चूक. मुदतीत अर्ज केला की निकाल येईपर्यंत राहता येतं, हे खरं. पण वर्क परमिटवरून स्टडी परमिटकडे जाताना जुनं परमिट संपलं की नोकरी थांबते आणि नवं हातात येईपर्यंत वर्गात बसता येत नाही. तो अख्खा सप्टेंबर मी ना नोकरीवर होते ना कॉलेजात. चहा उकळून ओट्यावर सांडायचा आणि मी फोनवर अर्जाचं खातं रिफ्रेश करत असायचे. शेवटी प्रवेश जानेवारीवर ढकलला. अर्ज काही महिने आधी टाका. मुदत उलटून गेलीच, तर स्टेटस (देशात कायदेशीर राहण्याचा दर्जा) पुन्हा मिळवण्यासाठी ९० दिवस असतात, पण त्याची फी वेगळी.

सहा महिन्यांपर्यंतच्या कोर्सला परमिट लागतच नाही, फक्त तुमच्या मुक्कामाची मुदत संपण्याआधी तो पुरा व्हायला हवा.

कॉलेजचं पत्र आलं म्हणजे झालं, असंही नाही. प्रांताचं अटेस्टेशन लेटर, म्हणजे प्रांताच्या ठरलेल्या जागांत तुम्हाला धरलंय असं सांगणारं पत्र, जानेवारी २०२४ मध्ये आलं, तेव्हा इथे राहणाऱ्यांना बहुतेक सूट होती. २०२५ पासून ती बहुतेकांसाठी गेली. सरकारी विद्यापीठांतल्या मास्टर्स आणि पीएचडीला १ जानेवारी २०२६ पासून ते लागत नाही. मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी काय जोडलं होतं, त्यावर विसंबू नका.

पैशांचा पुरावाही नीट द्या. १ सप्टेंबर २०२५ पासून क्यूबेकबाहेर एकट्या विद्यार्थ्याला राहण्याच्या खर्चासाठी २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात, पहिल्या वर्षाची फी वेगळी. सांगलीहून बाबांनी एफडी मोडून पाठवलेली रक्कम अर्जाच्या दोन दिवस आधी खात्यात आली, तर ती आली कुठून, हा प्रश्न येणारच. एफडीची पावती, बाबांचं पत्र आणि त्यांचं बँक स्टेटमेंट सोबत जोडा.

आपल्या बायकांची आणखी एक पंचाईत. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. फॉर्ममध्ये आधी वापरलेल्या नावांचा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका, लग्नाचा दाखला जोडा.

आणि परमिट म्हणजे व्हिसा नव्हे. परमिट हा वेगळा कागद असतो, पासपोर्टमधला व्हिसाचा, परत येताना लागणारा स्टिकर वेगळा. देशातून परमिट मिळालं तरी नवा स्टिकर आपोआप येत नाही. त्याचा अर्ज वेगळा, फी १०० डॉलर. भाचीच्या लग्नाला पुण्याचं तिकीट काढण्याआधी पासपोर्ट उघडून स्टिकरवरची तारीख बघा.