रिकर्सिव्ह क्वेरी रन करायच्या आधी कागद-पेन काढा

दोन ठिकाणांमधले सगळे मार्ग डेटाबेसकडून काढून घ्यायचे तर रिकर्सिव्ह क्वेरी लागते, म्हणजे आपल्याच निकालावर पुन्हा पुन्हा चालणारी क्वेरी. सगळ्यात आधी डेटाबेसचं व्हर्जन बघा, मायएसक्यूएलमध्ये त्यासाठीचं विथ रिकर्सिव्ह ८.० ला म्हणजे २०१८ मध्ये आलं, ५.७ वर असाल तर गाडी इथेच अडली. पोस्टग्रेसवाले निवांत, त्यांच्याकडे २००९ पासून आहे.

मग छोटा नकाशा काढा. मी लोकलचा घेतो, सहाच स्टेशनं, मधल्यांना सुट्टी: सीएसएमटी-दादर-कुर्ला-ठाणे सेंट्रल, सीएसएमटी-वडाळा-कुर्ला-वाशी हार्बर, आणि ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर. झाले ७ तुकडे, पण लोकल दोन्हीकडे धावते म्हणून टेबलात 'कुठून-कुठे' अशा १४ रो (ओळी) हव्यात, नाहीतर वाशीहून परत यायला मार्गच सापडत नाही. आता बोटांवर मोजा, सीएसएमटी ते वाशी, एकही स्टेशन दोनदा न घेता: कुर्ल्यापर्यंत यायचे दोन, तिथून पुढे जायचे दोन, म्हणजे ४. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, क्वेरीने पाचवा मार्ग दिला की समजायचं कुठेतरी घोळ आहे.

खरी मेहनत मार्गाच्या कॉलमवर घ्या. प्रत्येक पायरीला आतापर्यंतची स्टेशनं त्यात जोडत जायची आणि नवीन स्टेशन आधीच त्यात असेल तर ती वाट सोडून द्यायची. हे नसेल तर सीएसएमटी-दादर-सीएसएमटी-दादर असं चालूच राहतं, आणि युनियन ऑल ऐवजी नुसतं युनियन (सारख्या रो गाळणारं) टाकून सुटका होईल असं वाटतं तेही खोटं, कारण मार्ग दर वेळी लांबतो, म्हणजे रो वेगळीच धरली जाते. पोस्टग्रेसमध्ये ॲरे (यादी) वापरा, व्हर्जन १४ पासून तर असे फेरे ओळखणारा सायकल क्लॉजच मिळतो. मायएसक्यूएलमध्ये स्ट्रिंग, म्हणजे स्वल्पविरामांनी जोडलेले स्टेशनांचे नंबर, वापरावी लागते आणि तिथे दोन खड्डे आहेत. एक म्हणजे कॉलमची रुंदी पहिल्या सिलेक्टवरून ठरते, त्यामुळे सुरुवातीलाच कास्ट करून (प्रकार ठरवून) चांगली हजारभर कॅरॅक्टर्सची जागा द्या. दुसरं, लाइक (मजकुराचा तुकडा शोधणारं) लावून शोधाल तर १ नंबरचं स्टेशन ११ मध्येही सापडतं, पूर्ण नंबर जुळवणारं फाइंड-इन-सेट वापरा.

वाशीला पोचल्यावर तिथेच थांबायची अट क्वेरीच्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागातच टाका. 'कुठून' कॉलमला इंडेक्स (शोध पटकन व्हावा म्हणून), हे सांगायला नको.

पायऱ्यांची मर्यादा मात्र टाकाच. दहा स्टेशनं एकमेकांना थेट जोडलेली असतील तर कुठल्याही दोघांमध्ये १,०९,६०१ मार्ग निघतात, फक्त दहा हं! टाइमआउट पण लावून ठेवा, मी एकदा न लावता एंटर मारून चहाला गेलो, आलो तेव्हा सर्व्हरची डिस्क फुल आणि मागे उभे डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) साहेब.