फर्निचर क्लबाची मेंबरशिप घेताय? या चुका टाळा

आधी मेंबरशिपचे वीस, तीस, पन्नास हजार भरा आणि मग सोफे, कपाटं, गाद्या, पडदे ‘कंपनीच्या दरात’ घ्या, असं सांगणारे क्लब आता आमच्या सिंधुदुर्गातही येऊन जातात. मधल्या दुकानदाराचा नफा वाचतो, हे त्यांचं म्हणणं कागदावर खोटं नाही. पण मी इथे लोकांची घरं लावून देण्याची कामं करतो आणि मेंबरशिप खरंच परवडली अशी माणसं मला क्वचित भेटतात. जी भेटतात त्यांनी सही करण्याआधी कंटाळवाणी आकडेमोड केलेली असते. बाकीच्यांना गणपतीच्या आत घर लागायला हवं असतं, आणि चुका त्या घाईतच होतात.

हॉलमध्ये बसल्या बसल्या सही करणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार.

पद्धत ठरलेली असते. फोन येतो, तुम्हाला डिनर सेट लागलाय, न्यायला नवरा-बायको दोघांनी या. दोघांनीच का? ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायची सोय राहू नये म्हणून. हॉटेलच्या हॉलमध्ये दीड-दोन तास प्रेझेंटेशन, थंडगार एसी, सरबत. मग एकेका जोडप्याजवळ एकेक पोरगा येऊन बसतो. दर फक्त आजच्यापुरता, उद्या पूर्ण फी. दरपत्रक मागितलं तर उत्तर मिळतं, ते फक्त मेंबरांना दाखवतो, कंपन्यांशी तसा करारच आहे.

ही युक्ती इथे जन्मलेली नाही. अमेरिकेत 1971 साली ‘युनायटेड कन्झ्युमर्स क्लब’ नावाने सुरू झालेला आणि पुढे ‘डायरेक्टबाय’ म्हणून ओळखला गेलेला क्लब याच धर्तीवर चालायचा. तिथल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ मासिकाने 2007 मध्ये त्याची पाहणी केली तेव्हा प्रवेश फी जवळपास 5,000 डॉलर होती, आणि आज सही केली नाही तर पुन्हा संधी नाही, असं तिथेही सांगत होते. 2016 मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीत संरक्षण मागितलं.

आता आमच्याकडची गोष्ट. आचऱ्याकडचं एक चाकरमानी जोडपं. काका मुंबईतून रिटायर होऊन आले, जुनं घर पाडून नवं बांधलं आणि असल्याच एका हॉलमध्ये जाऊन बसले. फी 45,000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 53,100. खिशात एवढे नव्हते, तर तिथल्या तिथे मोबाईलवर ईएमआय करून दिला. घरी आल्यावर काकींनी करार वाचला. मेंबरशिप एक वर्षाची, फी कोणत्याही कारणाने परत नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी फोन केला तर हॉलमधला तो गोड पोरगा फोन उचलेना. ऑफिसने सांगितलं, मेंबरशिप बंद करायची तर करा, हप्ते मात्र फायनान्स कंपनीचे आहेत, त्याचा आमचा संबंध नाही. कर्जाचा करार खरोखरच वेगळा होता. त्यावरही काकांचीच सही होती, ओटीपीच्या रूपात.

माझी सवय साधी आहे. हॉलमध्ये जाताना मी कोणालाही पाकीट, कार्ड आणि स्मार्टफोन घरी ठेवायला सांगतो. डिनर सेट घ्या, सरबत प्या, करार आणि दरपत्रक मागा. ‘घरी नेऊन वाचायला देत नाही’ म्हणाले की तिथून उठायचं. पैसे भरण्याआधी भाव न दाखवणाऱ्या क्लबात जाऊच नये, यावर माझ्याशी वाद घालू नका.

तुलनेला अमेरिकेतलाच दुसरा क्लब घ्या, कॉस्टको. तिथे साधी वार्षिक मेंबरशिप 65 डॉलरची, भाव रॅकवर लावलेले, माल डोळ्यांसमोर, आणि मेंबरशिपवर समाधान नसेल तर फी परत. आपल्याकडे आयकिया या फर्निचरच्या दुकानाचं फॅमिली कार्ड तर फुकट मिळतं. तेव्हा कार्ड घेण्यात वाईट काही नाही. आधी फी आणि मग भाव, हा उलटा क्रम वाईट.

दारातली किंमत न काढणं

क्लबाचा दर गोडाऊनपर्यंतचा असतो. तुमचं घर गोडाऊनपासून घाटाखाली आणि वर पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची दगडी वाट, चढून, आणि त्या अंतराला पैसे पडतात.

काकांनी दिलेली ऑर्डर बघा: दोन कपाटं, डबल बेड, डायनिंग टेबल. कॅटलॉगचा दर 1,64,000. फर्निचरवर 18 टक्के जीएसटी वेगळा, तो 29,520. ‘फ्री डिलिव्हरी’ कोल्हापूरच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनपर्यंत, कारण त्यांचा पिनकोड क्लबाच्या यादीतच नव्हता. तिथून टेम्पो 9,000. रस्ता संपतो तिथून घरापर्यंत जांभ्याची पाखाडी, भर पावसातली हमाली 4,500. बेरीज 2,07,020. मेंबरशिपची फी मिळवा, 2,60,120. माझ्या ओळखीच्या मेस्त्रींनी तेवढंच सामान वॉटरप्रूफ प्लायमध्ये घरी येऊन बनवायचे 2,35,000 सांगितले होते, मजुरी आणि सनमायका धरून. काका म्हणाले, मेस्त्री वेळ लावतात. लावतात, खरंय. गणपतीला पंधरा दिवस उरल्यावर बोलावलं तर कोणताही मेस्त्री वेळ लावणारच.

फी वसूल व्हायला किती खरेदी लागेल, हे काढायला फार अक्कल लागत नाही. फीला खऱ्या बचतीने भागायचं. फी 30,000 आणि दारातल्या किमतीवर बचत 8 टक्के असेल, तर 3,75,000 ची खरेदी झाल्यावर तुम्ही शून्यावर येता. कमाई त्याच्या पुढे, आणि तीही मेंबरशिपची मुदत संपायच्या आत. दोन खोल्यांच्या घराला पावणेचार लाखांचं फर्निचर कशाला लागतं, ते मला कोणी सांगावं. मग लोक फी वसूल करायला नको असलेल्या वस्तू घेतात. एकाच्या पडवीत मी रिक्लायनर पाहिलाय. त्याच्यावर कोकमं वाळत घातली होती.

आणि ही बचत कशाच्या तुलनेत धरायची? कॅटलॉगात छापलेल्या ‘बाजारभावा’शी नाही. तो आकडा क्लबानेच छापलेला असतो. तेच मॉडेल कुडाळच्या दुकानात आणि कोल्हापूरच्या दुकानात विचारायचं, एक भाव मेस्त्रींचा घ्यायचा. तीन चिठ्ठ्या समोर ठेवून मग क्लबाचा दर बघायचा. मॉडेलचा नंबरच क्लबाखेरीज कुठे सापडत नसेल, तर तुलना होऊ नये म्हणूनच तो वेगळा ठेवलाय असं मी धरून चालतो.

होमस्टेवाल्यांचं गणित मात्र वेगळं निघू शकतं. तारकर्ली-देवबागकडे सहा-आठ खोल्या एकदम लावायच्या असतील, पलंग, गाद्या, चादरी, पडदे सगळं एकाच वेळी, तर फी निघून वर काही राहू शकतं. पण एवढी मोठी ऑर्डर घेऊन तुम्ही उल्हासनगरच्या किंवा कोल्हापूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडे गेलात तर तोही दर पाडतो, आणि चहा पाजतो. आधी त्याच्याकडे जा.

फोटो बघून लाकूड ठरवणं

कॅटलॉगात ‘इंजिनिअर्ड वूड’ लिहिलेलं असतं. वाचायला भारी वाटतं. बहुतेक वेळा ते पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असतं, म्हणजे लाकडाचा चुरा किंवा तंतू डिंकात दाबून केलेली फळी. पुण्यात कोरड्या फ्लॅटमध्ये ती वर्षानुवर्षं टिकेल. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती घाम सोडतात. लॅमिनेट फक्त वरून झाकतं, पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून, स्क्रूच्या भोकातून आणि पायाखालून. फळी फुगते, स्क्रूची पकड जाते, दार लोंबतं. काकांच्या कपाटांचं दिवाळीपर्यंत हेच झालं. मेस्त्रींनी खालची फुगलेली कड नखाने खरवडली आणि म्हणाले, “काका, ह्यो भुसो हा, लाकूड न्हय.” वॉरंटी पाच वर्षांची होती. बारीक अक्षरात लिहिलेलं: ओलावा व वाळवीमुळे झालेलं नुकसान वगळून. कोकणात हे वगळल्यावर उरतंच काय?

मी क्लबवाल्याकडून बोर्डाचा कापलेला तुकडा मागतो आणि रात्रभर बादलीत टाकून ठेवतो. सकाळी जाडी बघायची, बस्स. तुकडा द्यायला कटकट करतात त्यांच्याकडून मी खिळाही घेत नाही. प्लाय असेल तर त्यावर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का शोधतो, तो मरीन ग्रेडचा, म्हणजे भिजणं सोसणारा. आयएस 303 मध्ये एमआर ग्रेडही येतो आणि तो नुसता दमटपणा सोसणारा, भिजणं नाही. हे दुकानातली मुलं सर्रास एकच म्हणून सांगतात. ज्यांच्या परड्यात फणस किंवा शिवण पडलेलं आहे त्यांनी तर कॅटलॉग उघडायच्या आधी ते लाकूड कापून वाळत टाकावं. वाळायला वेळ लागतो. लागू दे.

बाकीच्या, थोडक्यात

समुद्र घरातून दिसत असेल तर बिजागऱ्या आणि कड्या कोणत्या स्टीलच्या ते विचारा. 304 नंबरच्या स्टेनलेस स्टीलवर खाऱ्या वाऱ्याने डाग धरतात, 316 महाग पण टिकतं, पितळ सगळ्यात बरं. पावडर कोटिंगच्या लोखंडी खुर्च्या अंगणात ठेवायच्याच नाहीत.

जुलैत डिलिव्हरी घेऊ नका. घाट बंद पडतो, पॅकिंग भिजतं, आणि ट्रान्सपोर्टवाला बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, ‘माल ठीक मिळाला’ अशी सही आधी मागतो. खोकं उघडून बघितल्याशिवाय सही करू नका, तो कितीही ओरडला तरी.

‘नो कॉस्ट ईएमआय’ला प्रोसेसिंग फी असू शकते. ती विचारा.

मेंबरशिप आपोआप रिन्यू होते का, ते बघा. कार्डावर ऑटो-डेबिट लावलेलं असेल तर पैसे कापण्याच्या 24 तास आधी बँकेचा मेसेज येतो. तो जाहिरात समजून पुसू नका.

‘तीन मेंबर आणा, फी परत मिळवा’ असं कोणी म्हणालं तर फर्निचर विसरा आणि निघा. मेंबर जोडण्यावर पैसा फिरवणाऱ्या योजनांवर 1978 च्या कायद्याने बंदी आहे, आणि 2021 च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांनीही पिरॅमिड योजना चालवायला मनाई केली आहे. शिवाय ते तीन मेंबर म्हणजे तुमचेच भाऊबंद असणार, आणि गणपतीत आरतीला समोर तेच उभे राहणार.

फसलाच असाल तर फोनवर भांडत बसू नका. सगळं लेखी मागा, स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, पोच जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आता तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. क्लबाचं ऑफिस मुंबईत की दिल्लीत, याने फरक पडत नाही. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. काकी करार, बिल्टी आणि फुगलेल्या कपाटाचे फोटो फाईलला लावून आयोगात गेल्या. काका अजून म्हणतात, डिनर सेट मात्र चांगला होता.